ज्या अक्षरापुढे शब्द नाही

मनूनं मला पहिल्यांदा हरवलं ते सायकलवर. जपानमधल्या ओकायामातली नोव्हेंबरची संध्याकाळ होती. बाळवाडी सुटलेली, पाच वर्षांची मनू मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली, आणि मी पायडल मारत होते. मागून आवाज आला, “आई, शिरितोरी खेळू या?” दोनचार शब्द झाले. ती म्हणाली, “उमि.” म्हणजे समुद्र. मला ‘मि’वरून शब्द हवा होता. तेवढ्यात फळांचं दुकान आलं, बाहेर केशरी टोपल्या मांडलेल्या. मी लगेच म्हटलं, “मिकान्.” मिकान् म्हणजे इथलं छोटं, सालीतून अलगद सुटणारं संत्रं. आपल्याला शब्द वेळेवर सुचला याचा आनंद झाला होता, तोच मागून आवाज आला, “आई, ‘न्’ आला. संपलं.”

शिरी म्हणजे बूड, मागचा भाग. तोरी म्हणजे धरणं. शब्दाचं शेपूट धरायचं आणि त्याचा पुढच्या शब्दासाठी मुंडकं म्हणून वापर करायचा. फक्त नामं चालतात, आणि एकदा येऊन गेलेला शब्द पुन्हा चालत नाही. छत्री म्हणजे कासा, त्यातल्या ‘सा’वरून सारु म्हणजे माकड, ‘रु’वरून रुसु म्हणजे घरी नसणं, ‘सु’वरून सुइका म्हणजे कलिंगड, ‘का’वरून कारासु म्हणजे कावळा. इथवर आपल्या भेंड्याच. वाईला आईच्या ओसरीवर आम्ही गावांच्या भेंड्या लावायचो, तेव्हा शेवटचं अक्षर हातात घेऊन असंच पळायचो.

पण एक फरक आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे भेंडी चढते ती शब्द सुचला नाही म्हणून. शिरितोरीत माणूस बहुतेक वेळा हरतो ते शब्द उच्चारला म्हणून. जपानीतली सगळी अक्षरं स्वरान्त आहेत, का, कि, कु, के, को अशी. अपवाद एकच, तो पायमोडका ‘न्’. तो शब्दाच्या मधे येतो, शेवटी येतो, पण त्यानं जपानी शब्द सुरू होत नाही. त्यामुळे ज्याच्या शब्दाच्या शेवटी तो आला, त्यानं पुढच्याची वाट बंद केली असं धरतात, आणि हार त्याची. आणि असे शब्द काय कमी आहेत? पुस्तक म्हणजे होन्, जेवण म्हणजे गोहान्, पाव म्हणजे पान्. सिंह, जिराफ, पेंग्विन हे सगळे ‘न्’वाले. देशाचं नावच निहोन्. मोठी मुलं अशा वेळी आफ्रिकेतल्या चाड देशाच्या राजधानीचं नाव काढतात, कारण एन्जामेना हे नाव जपानीत ‘न्’पासून लिहितात. विशेषनामं चालतात की नाही यावर मग भांडण.

भांडणाच्या जागा बऱ्याच आहेत, आणि मला त्या आवडतात. आगगाडीला ‘देन्शा’ म्हणतात, मग पुढच्यानं ‘शा’ घ्यायचा की नुसता ‘या’? जपानी लिपीत ‘शा’ हा मोठा ‘शि’ आणि त्याच्या पायाशी बारीक ‘या’ असा लिहितात, म्हणून हा प्रश्न येतो. कॉफीला ‘कोओहिइ’ म्हणतात, तिथं ‘हि’ धरायचा की लांबवलेला ‘इ’? ‘गा’ आला आणि शब्द सुचला नाही तर ‘का’ चालेल का? याची उत्तरं घरोघरी वेगळी, म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवून घ्यावं लागतं. आमच्याकडेही ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यायचा आणि ‘ण’ आला तर ‘न’, हे आई आधी जाहीर करायची.

तरबेज मुलं ‘रु’ धरून कोंडी करतात. ‘रु’नं सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण संपणारे भरपूर. सारु, काएरु म्हणजे बेडूक, होतारु म्हणजे काजवा, आहिरु म्हणजे बदक. एकामागून एक ‘रु’ अंगावर येतात आणि तुम्ही रुसु, रुबी करत संपून जाता. घाईत ‘रुसुबान्’ म्हणालात, म्हणजे घरचे बाहेर गेल्यावर घर राखणं, तर तो ‘न्’ आहेच टपलेला.

त्या हिवाळ्यात मी रोज हरत होते. मी पुण्यात जपानी शिकले, परीक्षा दिल्या, आज इथं कागदपत्रांची भाषांतरं करून पोट भरते. मनूपेक्षा कितीतरी जास्त शब्द मला येतात. पण ‘का’ आला की माझ्या डोक्यात काइशा, काइगि, काकुनिन् हे शब्द यायचे. कंपनी, बैठक, खातरजमा. तिच्या डोक्यात यायचे कासा, कानि, कारासु. छत्री, खेकडा, कावळा. फरक नुसता विषयांचा नव्हता. माझे शब्द अर्थाच्या कप्प्यांत लावलेले होते, चित्रलिपीच्या खुणेनं ओळखायचे. तिचे शब्द आवाजाला बांधलेले होते. तिला ‘का’ म्हटलं की ‘का’च्या दाराशी जे उभे असतील ते सगळे धावत यायचे. भाषा आधी अशी कानात राहायला येते आणि मग अर्थाचं सामान आणते. ज्या वयात हे होतं त्या वयात मी वाईत होते, म्हणून जपानीत माझं ते राहून गेलेलं होतं. मनूच्या मागच्या सीटवरून ते मला मिळायला लागलं.

एक गोष्ट मात्र मला आयती मिळालेली होती. जपानी बाराखडीचा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी वर्गात थबकलेच होते. अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा आपलाच क्रम आहे. ‘सा’च्या जागी ‘च’ ठेवा, कारण जुना उच्चार त्याच्या जवळचा होता, आणि ‘हा’च्या जागी ‘प’ ठेवा, कारण तो एके काळी ‘प’च होता. मग क, च, त, न, प, म, य, र, व सरळ वाचता येतं. हे योगायोगानं घडलेलं नाही. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी आणि संस्कृत उच्चार शिकत, त्या अभ्यासातून हा तक्ता बसवला गेला. आजही इथल्या दफनभूमीत लाकडी उंच फळ्यांवर सिद्धम् अक्षरं लिहिलेली दिसतात. म्हणजे ज्या अक्षरांवर मनू उड्या मारते, त्यांची रांग लावायला आपल्याकडची वर्णमाला आलेली होती.

हातांचे खेळ शिकवले ते शेजारच्या ओबाआचाननी, म्हणजे आजींनी. त्या माझ्या आईच्याच वयाच्या. पहिला खेळ चात्सुबो, चहाची बरणी. डाव्या हाताची मूठ वळायची, ती बरणी. उजव्या हाताचा तळवा मुठीवर ठेवायचा, ते झाकण. मग तोच तळवा मुठीखाली, ते बूड. लगेच अदलाबदल, उजवी मूठ, डावा तळवा वर, डावा तळवा खाली. गाणं एवढंच सांगतं की बरणीला झाकण नाही, तर बूड काढा आणि त्याचंच झाकण करा. ऐकायला सोपं. पण गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला हात बदलतो, आणि शेवटच्या अक्षराला तळवा बरोबर झाकण होऊन वर यायला हवा. मी कितीदा तरी झाकणाऐवजी बूड घेऊन संपवलं. ओबाआचान माझी बोटं धरून सावकाश फिरवायच्या. त्यांच्या बोटांना सुरकुत्या होत्या, पण ठेका एकदाही चुकला नाही.

दुसरा खेळ, ज्यात देवळातले भिक्षुबुवा भोपळ्याचं बी पेरतात. समोरासमोर बसून आपडी-थापडीसारख्या टाळ्या द्यायच्या. कोंब फुटला की दोन्ही तळवे जोडायचे, कळी फुगली की तळव्यांची ओंजळ पोकळ करायची, फूल उमललं की बोटं फाकवायची आणि लगेच जान्केन्, म्हणजे दगड-कागद-कात्री. तिसरा झुइझुइ-झुक्कोरोबाशी. सगळे गोल बसून सैल मुठी पुढे करतात, अंगठ्याकडे भोक राहील अशा. एकजण गाणं म्हणत प्रत्येक भोकात तर्जनी घालत जातो आणि गाणं जिथं संपेल त्याच्यावर राज्य. आपलं अरिंग-मिरिंग आणखी काय असतं? त्या गाण्याच्या शब्दांचा अर्थ धड लागत नाही. शोगुनसाठी, म्हणजे त्या काळच्या लष्करी सत्ताधीशासाठी, चहाच्या उजी गावाहून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, चहाच्या बरण्यांची मिरवणूक जायची, ती आली की रस्त्यावरची माणसं घाबरून दारं लावून घेत, त्याची ती आठवण आहे असं बरेच जण सांगतात. मुलांना त्याचं काही नाही. बोट भोकात जातं तेव्हा गुदगुल्या होतात, तेवढं पुरतं.

आणि सुटणं! लहानपणी आम्ही हात पुढे करून तळवा वर किंवा पालथा दाखवायचो, आणि ज्याचा वेगळा पडला तो सुटायचा. मनूच्या बाळवाडीत मुलं गट पाडायला हेच करतात, फक्त तळव्याची बाजू आणि पालथी बाजू यांना त्यांचे शब्द आहेत, ओमोते आणि उरा. अंगणात ती मुलं हात पालथे घालताना पाहिली आणि मला आमच्या आळीतली भर दुपार आठवली.

जान्केन्मध्ये दगड, कागद, कात्री यांना म्हणतात गू, पा, चोकी. आधी सगळ्यांनी मूठ दाखवायची, मग खरा हात. ही सुरुवात घराघरांत रुजवण्याचं श्रेय शिमुरा केन् या टीव्हीवरच्या विनोदी नटाला देतात. मार्च २०२० मध्ये कोविडनं ते गेले तेव्हा ओबाआचान दोन दिवस टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. पण दगड-कागद-कात्री ही त्या घराण्यातली धाकटी पाती आहे. तिच्याआधी जपानमध्ये तिघांनी एकमेकांना घाबरण्याचे कितीतरी खेळ होते. एकात अंगठा म्हणजे बेडूक, तर्जनी म्हणजे साप, करंगळी म्हणजे बिनशंखाची गोगलगाय. साप बेडकाला खातो, बेडूक गोगलगाईला, आणि गोगलगाईपुढे साप हरतो. दुसऱ्यात कोल्हा, गावचा पाटील आणि शिकारी. हात कानांशी नेले की कोल्हा, मांडीवर ठेवून ताठ बसलं की पाटील, बंदूक धरल्यासारखे केले की शिकारी. कोल्हा पाटलाला भुलवतो, पाटील शिकाऱ्याला दरडावतो, शिकारी कोल्ह्याला मारतो.

मला सर्वांत प्रिय आहे तो गेशांच्या बैठकीतला तोरा-तोरा. मधे पडदा, दोन्हीकडे एकेक जण. गाणं संपताच पडद्याआडून बाहेर यायचं, वाघ होऊन रांगत, किंवा भाला धरलेला वीर होऊन, किंवा काठी टेकत चालणारी म्हातारी आई होऊन. हा वीर नाटककार चिकामात्सु यांच्या १७१५च्या एका नाटकातला आहे. वीर वाघाला मारतो, वाघ म्हातारीला खातो, आणि म्हातारी वीराला हरवते, कारण ती त्याची आई आहे. ज्यानं कुणी हा तिसरा नियम केला, त्याला मी मनापासून नमस्कार करते.

नव्या वर्षाला कारुता खेळतात. कारुता हा शब्द पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आला. त्याच पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला आणि जपान्यांना पान्, एकाच शब्दाची ही दोन लेकरं. कारुतात शंभर कवींच्या शंभर कविता असतात. फुजिवारा नो तेइका यांनी तेराव्या शतकात निवडलेल्या, प्रत्येक एकतीस अक्षरांची. वाचणारा कविता पहिल्यापासून वाचतो, चटईवरच्या पत्त्यांवर फक्त शेवटच्या दोन ओळी असतात. ऐकता ऐकता योग्य पत्ता आधी मारायचा. स्पर्धेत दोघांपुढे पंचवीस-पंचवीस पत्ते असतात आणि जागा पाठ करायला १५ मिनिटं. शंभरांत सात कविता अशा आहेत की त्यांच्या पहिल्या अक्षरानं दुसरी एकही कविता सुरू होत नाही. मु, सु, मे, फु, सा, हो, से. वाचणाऱ्याच्या तोंडून ‘मु’ निघाला की संपलं, हात उडालेला असतो आणि पत्ता भिंतीवर जाऊन आपटतो. ओत्सुच्या ओमि देवस्थानात जानेवारीत होणारा अजिंक्यपदाचा सामना मी टीव्हीवर पाहिला. अख्खी खोली श्वास धरून एका अक्षराची वाट पाहते. कविता इतक्या जिवापाड ऐकली जाताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मार्चमध्ये आम्ही कोतोहिराला गेलो. ओकायामाहून आगगाडी १९८८ साली झालेल्या पुलावरून समुद्र ओलांडते आणि शिकोकु बेटावर उतरते. तिथला डोंगर झोझुसान्, म्हणजे हत्तीच्या मस्तकाचा डोंगर, आणि त्यावरचं दैवत कोम्पिरा, खलाशांचा राखणदार. कोम्पिरा हे नाव संस्कृत कुंभीर शब्दावरून आलं आहे, म्हणजे गंगेतली मगर. १८६८ नंतर सरकारनं बौद्ध आणि शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माची, देवस्थानं वेगळी केली, तेव्हा हे शिंतो झालं, पण लोकांच्या तोंडी कोम्पिराच राहिला. मी ओबाआचानना सांगितलं की हा आमच्या नदीतला आहे, तेव्हा त्यांनी थांबून डोंगराकडे हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून किंचित वाकल्या.

देवळाला ७८५ पायऱ्या. चढणाऱ्या मोजल्या तर ७८६ होतात, पण मधे एक पायरी उतरती ठेवली आहे, म्हणून एक वजा. कारण असं सांगतात की ७-८-६ हे आकडे ‘ना-या-मु’ असे वाचता येतात, आणि नायामु म्हणजे मनाला घोर लागणं. देवाच्या दारात घोर नको. आकडे अक्षरांसारखे वाचायची ही खोड इथं सगळ्यांना आहे.

आणि त्याच पायऱ्यांवर, गर्दी विरळ झाली तिथं, मनूनं गुरिको सुरू केला. जान्केन् करायचं. मुठीनं जिंकलात तर ‘गु-रि-को’ म्हणत तीन पायऱ्या. ते एका कॅरमेलच्या गोळीचं नाव. कात्रीनं जिंकलात तर ‘चि-यो-को-रे-इ-तो’ म्हणत सहा, तो चॉकलेट. तळव्यानं जिंकलात तर ‘पा-इ-ना-त्सु-पु-रु’, सहा, तो अननस. एरवी जपानी माणूस चॉकलेटला ‘चोकोरेएतो’ म्हणतो आणि त्याची अक्षरं पाचच भरतात. खेळात मात्र ‘चो’ फोडून ‘चि-यो’ करतात, एक पायरी जास्त मिळावी म्हणून. अननसातला मुका ‘त्सु’सुद्धा खेळात पुरा उच्चारतात. अक्षर म्हणजे काय हे याहून नीट कुणी शिकवू शकेल असं मला वाटत नाही. एक अक्षर, एक पाऊल. मनू पाय आपटत मोजत होती आणि तिच्या तोंडातला शब्द मला दगडावर ऐकू येत होता.

माझा नवरा गणितात रमणारा. मुठीला तीनच पायऱ्या, म्हणून मूठ कमी दाखवावी असं मला वाटत होतं. त्यानं पायरीवर बसून हिशोब मांडला तर उलटंच निघालं. पाचातून दोनदा मूठ, दोनदा कात्री आणि एकदाच तळवा, असं केलं तर समोरच्याला काही युक्ती उरत नाही. कारण तळवा दाखवला आणि कात्रीकडून हरलात तर सहा पायऱ्या जातात, आणि कात्रीला मात्र मुठीकडून हरताना तीनच सोसाव्या लागतात. तो हे समजावत होता तोवर मनू बारा पायऱ्या वर गेली होती.

खाली चहाच्या दुकानात ओबाआचाननी याच देवाच्या नावाचा खेळ दाखवला, कोम्पिरा फुनेफुने. फुने म्हणजे नाव, होडी. दोघांमधे छोटं मेज, त्यावर एक वाटी. गाण्याच्या ठेक्यावर आळीपाळीनं हात पुढे करायचा. वाटी असेल तर तिच्यावर उघडा तळवा. समोरच्यानं उचलून नेली असेल तर मेजावर मूठ. वाटी कधी उचलायची, कधी परत ठेवायची हे ज्याचं त्याला. गाणं वेगात जायला लागतं, वाऱ्यानं फुगलेल्या शिडासारखं. गेशांच्या बैठकीत हरणारा साके, म्हणजे तांदळाची दारू, पितो, आमच्याकडे हरणाऱ्यानं चहा ओतायचा होता. मी दोनदा रिकाम्या मेजावर तळवा आपटला. तिसऱ्यांदा वाटीकडे पाहणं सोडलं, फक्त गाणं ऐकलं, आणि हात आपोआप मिटला.

परतीच्या गाडीत अंधार पडत होता. पुलाखाली समुद्रात दिवे लागले होते. मनू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती, तरी शिरितोरी चालू होती. मी म्हटलं, “नेको.” मांजर. बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपली. मग हळूच, “कोम्पिरा-सान्.”

थोड्या वेळानं एक डोळा उघडला. “आई, ‘न्’ आला. मी हरले?”

“वाईच्या आजीच्या भेंड्यांत पायमोडका न चालतो,” मी म्हटलं. “नारळ.”

“ळ आला तर ल घ्यायचा,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “लाडू.”